आभार कोणाचे मानावे?

दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यानें देवाचे आभार मानावे, ही रीति आमच्या देशांत सर्व धर्मांच्या लोकांत आहे. कोणी नवस फेडतो, कोणी दर्ग्यावर चादर चढवितो, कोणी घरीं सत्यनारायण घालतो. आम्ही ख्रिस्ती लोक रविवारच्या उपासनेंत उभे राहून साक्ष देतों. आमच्या मंडळींत अशी साक्ष वर्षांतून दहाबारा वेळां तरी ऐकावयास मिळते. साक्ष देणाऱ्याचा कंठ दाटून आलेला असतो, आणि त्याच्या खरेपणाविषयीं शंका घेण्याचें मला कांहींच कारण नाहीं. तो सांगतो कीं, डॉक्टरांनीं हात टेकले होते, परंतु तुम्हीं सर्वांनीं प्रार्थना केली आणि परमेश्वरानें मला वांचविलें. सगळे 'आमेन' म्हणतात. अशा वेळीं माझी दृष्टि, इच्छा नसतांहि, तिसऱ्या बांकाकडे वळते. तेथें एक बाई बसलेल्या असतात. त्यांचे यजमान त्याच रोगानें, त्याच वर्षीं वारले. त्यांच्यासाठींहि आम्हीं सर्वांनीं प्रार्थना केली होती. रात्र रात्र जागून केली होती. त्या बाईहि 'आमेन' म्हणतात.

या लेखाचा विषय म्हटला तर एवढाच आहे. त्या बाईंच्या समोर उभे राहून मनुष्यानें आपल्या बरें होण्याबद्दल आभार मानावयाचे, तर ते कोणत्या शब्दांत मानावे? गेल्या वर्षापर्यंत हा प्रश्न माझ्यापुढें धर्मशास्त्रांतील इतर प्रश्नांसारखाच होता. म्हणजे त्याचें उत्तर न सांपडलें तरी रात्रीं झोंप येत असे. गेल्या पावसाळ्यांत तो माझ्या घरीं राहावयास आला. शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें आपल्या प्रकृतीचें रडगाणें गावें हें मला स्वतःला आवडत नाहीं. तथापि माझ्या आजाराची अर्धीमुर्धी हकीकत विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या कानांवर गेलेलीच आहे, आणि अर्ध्या हकीकतीपेक्षां पुरी हकीकत कमी त्रासाची असते.

मला खोकला लागला. शिक्षकाचा खोकला म्हणजे खडूचा खोकला, अशी आमच्या शिक्षकवर्गाची समजूत आहे. आल्याचा काढा, ज्येष्ठमध, हळदीचें दूध हे सर्व उपचार यथासांग झाले. दोन आठवडे उलटले तरी खोकला हटेना, संध्याकाळीं अंगांत कणकण राहूं लागली, आणि एके सकाळीं रुमालावर रक्ताचा लहानसा ठिपका दिसला. त्याच दुपारीं मी रुग्णालयांत गेलों. क्ष-किरणांच्या चित्रांत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागीं एक सावली होती. डॉक्टरीणबाई वयानें माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्यांनीं ती सावली पडद्यावर मला दाखविली व आडपडदा न ठेवतां सांगितलें कीं, ही क्षयाची असेल किंवा कर्करोगाची असेल; तपासल्यावांचून कांहीं म्हणतां येणार नाहीं. कफांत जंतु सांपडले नाहींत. तेव्हां दुर्बीण घालून फुप्फुसांतील मांसाचा कणभर तुकडा काढण्यांत आला व तो तपासणीस गेला. निकालाला नऊ दिवस लागतील असें कळलें.

त्या नऊ दिवसांत विश्वासानें मला काय दिलें, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें तर मी त्याला आकर्षक उत्तर देऊं शकणार नाहीं. 'तूं बरा होशील' असा कोणताहि आवाज मला ऐकूं आला नाहीं. रात्रीं दोनच्या सुमारास जाग येई, आणि प्रार्थना करावी म्हणून उठून बसावें तों मन हिशेब करूं लागे. भविष्यनिर्वाह निधींत किती जमा आहे. धाकटी मुलगी आठवींत आहे, तेव्हां तिचें शिक्षण संपावयास किती वर्षें लागतील. घराचे हप्ते किती उरले. प्रार्थनेला स्वतःचे शब्द सुचत नसत. लहानपणीं आजीनें चुलीपाशीं बसवून जी प्रार्थना पाठ करून घेतली होती, ती तेवढी जिभेवर येई. वर्गांत मी मुलांना नेहमीं बजावतों कीं, पाठांतरावर भिस्त ठेवूं नका, समजून घेऊन लिहा. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेपुरतें माझें तें मत कायम आहे. परंतु ज्याला रात्रीं दोन वाजतां स्वतःचा एकहि शब्द सुचत नाहीं, त्याच्याजवळ दुसऱ्या कोणीं तरी, पुष्कळ वर्षांपूर्वीं, कांहीं शब्द ठेवून दिलेले असावेत हें बरें. पालकांनीं याचा विचार करावा.

दिवसां मात्र मला काम करतां येत असे. नववीच्या निबंधांच्या वह्या घरीं आणलेल्या होत्या, त्या मीं सर्व तपासल्या. ज्यांना त्या वह्या परत मिळाल्या त्यांनीं पाहिलें असेल कीं, र्‍हस्वदीर्घाच्या बाबतींत मीं कोणालाहि दया दाखविलेली नाहीं. विश्वास म्हणजे उद्यांविषयींची खात्री, असें आपण सहसा समजतों. उद्यांविषयीं मला कसलीच खात्री नव्हती. पण आजची वही आज तपासणें अर्थशून्य नाहीं, एवढें मला वाटत राहिलें, आणि तें वाटणें माझ्या स्वभावांतलें नव्हतें. माझा स्वभाव हातपाय गाळून बसण्याचा आहे. तें कोठून तरी आलें. कोठून आलें याविषयीं माझें मत वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

माझी पत्नी घरखर्चाचा हिशेब रोज रात्रीं लिहिते. दूधवाल्याचें असो कीं वाण्याचें, कोणाचें किती देणें झालें तें ती त्याच दिवशीं मांडून ठेवते. सहाव्या रात्रीं कुटुंबांतील प्रार्थनेच्या वेळीं ती म्हणाली, “अहो, आज उपकारस्तुति करूं या.”

मी म्हणालों, “निकाल तर हातीं येऊं दे.”

“निकाल यायचा तेव्हां येईल. आजपर्यंत जें घेतलं त्याची पोंच आज नको का द्यायला?”

मग तिनें डोळे मिटून एकेक नांव घेतलें. आपला तास सोडून माझा वर्ग सांभाळणारे मुख्याध्यापक. दोन दिवस घरीं चूल पेटली नाहीं तेव्हां दोन्ही वेळचा डबा पाठविणाऱ्या शेजारच्या मुसलमान बाई. दुर्बिणीच्या तपासणीनंतर मला ओकारी येत असतां तासभर भांडें धरून उभ्या राहिलेल्या वॉर्डांतील मावशी. भर पावसांत आमच्यासाठीं दीड तास थांबून वरचे पैसे न घेणारा रिक्षावाला. शेवटीं तिनें अशा एका व्यक्तीसाठीं आभार मानले, जिचें तोंड आम्हीं पाहिलें नव्हतें व पुढेंहि पाहणार नव्हतों. कोठल्याशा प्रयोगशाळेंत माझ्या मांसाच्या कणावर वांकून कोणी तरी मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल. तिचे डोळे दुखत असतील. तिला देव चांगली झोंप देवो, असें माझी पत्नी म्हणाली. साऱ्या प्रार्थनेला दोन मिनिटें लागलीं नसतील. त्या रात्रीं मला दोन वाजतां जाग आली नाहीं. याला कोणी चमत्कार म्हणूं नये. कदाचित् मी थकलों असेन.

तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे कीं, निकालाची वाट पाहणारी कृतज्ञता ही बरीचशी व्यापाऱ्याची कृतज्ञता असते. माल चांगला निघाला तर पैसे, नाहीं तर नाहीं. नवसाला आमच्यांतील पुष्कळ लोक हंसतात. पण 'मला बरें कर, म्हणजे मी मंडळीपुढें साक्ष देईन' असें मनांत म्हणून जी साक्ष दिली जाते, ती आणि नवस यांच्यांत मला तरी मोठेंसें अंतर दिसत नाहीं. उलट नवस बोलणारा निदान आपण काय करतों आहों तें उघड सांगतो.

पवित्र शास्त्रांत आजाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा रोगी बरा झाल्याच्या आहेत, म्हणून रविवारच्या शाळेंत त्याच शिकविल्या जातात. मला या दिवसांत दोन निराळ्या गोष्टी पुन्हां पुन्हां आठवत. एक हिज्कीया राजाची. मरणाची वार्ता ऐकून तो भिंतीकडे तोंड करून रडला. त्याची प्रार्थना ऐकण्यांत आली आणि त्याला पंधरा वर्षांचें आयुष्य आणखी मिळालें. परंतु तेवढ्यावर तें प्रकरण संपत नाहीं. यशया संदेष्ट्यानें अंजिरांची ढेप आणवून त्याच्या गळवावर बांधविली. ज्या परमेश्वराला पंधरा वर्षें देतां आलीं, त्याला अंजिरांवांचून गळूं बरें करतां आलें नसतें असें नाहीं. पण अंजिरें आणवावीं असें त्याला वाटलें. प्रार्थना करणाऱ्यानें औषध घेणें म्हणजे अविश्वास, असें सांगणारे उपदेशक मधून मधून आमच्या गांवीं येतात. त्यांनीं हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

दुसरी गोष्ट तर एका ओळीची आहे. प्रेषित पौलाच्या हातून पुष्कळ रोगी बरे झाले होते. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारांतून परत आला, आणि त्याबद्दल पौलानें फिलिप्पैच्या मंडळीला मोठ्या आनंदानें लिहिलें. परंतु तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस तो सहज सांगून जातो कीं, त्रफिम आजारी होता, त्याला मीं मिलेतांत मागें ठेवलें. बस्स. त्रफिमाची श्रद्धा कमी पडली असें तो म्हणत नाहीं. आपली प्रार्थना कमी पडली असेंहि म्हणत नाहीं. एक मित्र बरा झाला, दुसरा आजारीच मागें राहिला, आणि पौलानें दोन्ही गोष्टी जशा घडल्या तशा लिहून ठेवल्या. आमच्या साक्षींत त्रफिमाला कोठेंच जागा नसते.

दहाव्या दिवशीं निकाल आला. “क्षय आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्या पत्नीच्या डोळ्यांतून आनंदाचे अश्रु वाहूं लागले. बाहेर बांकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानें आमच्याकडे पाहिलें. कांहीं तरी शुभवार्ता असावी असें त्याला वाटलें असेल. आणि होतीहि ती शुभवार्ताच. कर्करोग नव्हता. सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधें व पुढचे चार महिने तीन, एकहि दिवस चुकवावयाचा नाहीं, म्हणजे रोग जाईल, असें सांगून त्यांनीं माझें वजन करविलें व त्या मानानें रोज चार गोळ्या ठरवून दिल्या.

घरीं येतांना रिक्षेंत मला एकाएकीं डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. त्यांचें चरित्र मुलांना ठाऊक आहे. १८८३ सालीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत त्यांनीं सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन; आणि तो शब्द त्यांनीं पाळला. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली होती. त्या जागेवर काम करणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्या क्षयानें वारल्या. त्यांना बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

वाचकांनीं दोन तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. क्षयाचा जंतु आपणांस सांपडला आहे असें डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. म्हणजे आनंदीबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हां त्यांच्या रोगाचें कारण जगाला ठाऊक होतें. स्वतः डॉक्टर असल्यामुळें त्यांनाहि ठाऊक असणारच. औषध मात्र कोणापाशींच नव्हतें. क्षयाच्या जंतूवर चालणारें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेंत १९४३ सालीं डॉ. वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाच्या हातीं लागलें. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर छपन्न वर्षांनीं.

आतां मी मंडळींत उभा राहून 'परमेश्वरानें मला वांचविलें' असें म्हणूं लागलों, तर त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कोणी तरी मनांत म्हणणारच कीं, मग तिला कां वांचविलें नाहीं? ती माझ्याहून हुशार होती, धैर्यवान् होती, आणि तिच्या हातून शेंकडों बायकांचे प्राण वांचले असते. मी एक सामान्य शिक्षक आहें. माझ्या श्रद्धेचें वजन करून मला जीवदान मिळालें असें म्हणणें हा तिचा अपमान आहे, आणि मला वाटतें, देवाचाहि. तिच्या माझ्यामध्यें जें अंतर आहे तें पुण्याईचें नाहीं. मध्यंतरीं पुष्कळ माणसांनीं पुष्कळ काम केलें, एवढेंच तें अंतर आहे.

हें काम करणारांत आपल्या मिशनच्या लोकांचाहि वांटा आहे. आणि मला विशेष पूज्य वाटतात ते औषध निघण्यापूर्वींचे लोक. मिरजेजवळ वानलेसवाडीस आणि दक्षिणेंत मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथें मिशनांनीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधामें काढलीं, तेव्हां त्यांच्या हातीं काय होतें? मोकळी हवा, विश्रांति, दूध, अंडीं आणि ऊन. रोगी महिनोन् महिने ओसरीवरच्या खाटांवर पडून राहात. कित्येक बरे होऊन घरीं जात, कित्येक जात नसत. उद्यां औषध निघणार आहे हें त्या परिचारिकांना ठाऊक नव्हतें. तरी रोज सकाळीं उठून त्यांनीं चादरी बदलल्या. विश्वासाविषयीं माझ्या मनांत जी कल्पना आहे ती या चादरींशीं निगडित आहे.

औषध निघाल्यावरहि सर्व कांहीं सोपें झालें नाहीं. एकच औषध दिलें तर जंतु त्याला दाद देईनासे होतात, म्हणून अनेक औषधें एकत्र द्यावीं लागतात, हें अनुभवानें कळलें. आणि आपल्या देशापुढें एक निराळाच प्रश्न होता: लाखों रोगी, आणि आरोग्यधामांतील खाटा मूठभर. तेव्हां १९५६ सालीं मद्रास येथें एक प्रयोग सुरू झाला. शहराच्या दाट वस्तींतील सुमारे दोनशें गरीब क्षयरोगी निवडून त्यांतील निम्म्यांना आरोग्यधामांत ठेवलें, निम्म्यांना त्यांच्याच लहानशा खोल्यांत राहूं दिलें. औषधें मात्र दोघांनाहि तींच, वर्षभर. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरीं राहिलेले लोक, अन्न व विश्रांति कमी मिळूनहि, जवळ जवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळें अधिक लागण झालेली नव्हती. या एका निष्कर्षानें साऱ्या जगांतील क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. आज मी माझ्या स्वयंपाकघराच्या दारांत उभा राहून गोळ्या घेतों, वर्षभर कोठल्या तरी डोंगरावर जाऊन पडावें लागत नाहीं, तें मद्रासच्या त्या दोनशें माणसांमुळें. त्यांनीं वर्षभर, घरांत चूल नीट पेटत नसतांहि, नेमानें औषध घेतलें. त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव मला ठाऊक नाहीं. माझ्या पत्नीच्या यादींत तीं दोनशें नांवें घालावयाचीं राहिलीं होतीं. तीं मीं 'मद्रासचे लोक' या सदराखालीं घातलीं आहेत.

याचा अर्थ देवाचे आभार मानूं नयेत असा कोणी करील तर तो माझें म्हणणें उलटें समजला. आभार त्याचेच मानावयाचे. पण तो मला माणसांच्या हातांतून भेटला, आणि ते हात वगळून थेट त्याच्याकडे जाण्याची घाई मला उचित वाटत नाहीं. अंजिरांची ढेप बांधणाऱ्याचें नांव हिज्कीयाला ठाऊक असेल अशी मी आशा करतों.

तिसऱ्या बांकावरच्या बाईंविषयीं मीं वर लिहिलें आहे. माझ्या आजाराची वार्ता लागल्यावर त्या दर गुरुवारीं घरच्या कोंबड्यांचीं सहा अंडीं घेऊन येऊं लागल्या. एकदां मीं धीर करून त्यांना विचारलें कीं, बाई, दुसऱ्याची साक्ष ऐकतांना तुम्हांला जड जात नाहीं का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्याचा माणूस घरीं आला, त्याचं वाईट कशाला वाटेल, मास्तर? पण ते म्हणतात ना, 'प्रार्थना केली म्हणून वांचलों', तेवढं ऐकवत नाहीं.” पिशवी घडी करून त्या निघून गेल्या. आमच्या पाळकसाहेबांना मीं हें सांगितलें आहे. पुढें काय करावयाचें तें ते ठरवितील. माझ्या मतें 'म्हणून' हा एक शब्द आमच्या साक्षींतून गळला तर उपकारस्तुतींत कांहीं उणें पडणार नाहीं.

आणखी एक गोष्ट माझ्या मतें कृतज्ञतेचाच भाग आहे, आणि ती म्हणजे रोगाचें नांव घेणें. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशीं एक वडीलधारे नातलग आले व मला बाजूला घेऊन म्हणाले, “निमोनिया झाला असं सांग. घरांत मुलगी आहे, उद्यां तिचं लग्न करायचं आहे.” त्यांचा हेतु प्रेमाचाच होता, आणि त्यांची भीति निराधार नाहीं; क्षयाच्या नांवानें मोडलेलीं लग्नें मला ठाऊक आहेत. परंतु ज्या औषधासाठीं इतके लोक झिजले तें घ्यावयाचें आणि त्या रोगाचें नांव मात्र चोरट्या मालासारखें लपवावयाचें, हें मला साधेना. मुलीला मीं विचारलें. ती म्हणाली, “बाबा, मी आधींच मैत्रिणींना सांगितलं.” तेव्हां तो प्रश्न माझ्या हातीं उरलाच नव्हता.

शाळेंत परतल्यावर मींहि वर्गाला सांगितलें. त्यापूर्वींच एका पालकांनीं मुख्याध्यापकांस विचारलें होतें कीं, या शिक्षकांच्या वर्गांत आमच्या मुलानें बसणें सुरक्षित आहे काय? तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि चोरून कुजबुजण्यापेक्षां त्यांनीं समोर येऊन विचारलें याबद्दल मी त्यांचा आभारी आहें. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यानंतरच मी वर्गांत आलों. घरच्यांची तपासणी झाली. वर्गांतील मुलांचीहि झाली, आणि कोणाला रोग आढळला नाहीं. आठवींतील एका मुलानें उभें राहून विचारलें, “सर, तुमचा पेला घरीं वेगळा ठेवलाय का?” नाहीं, ठेवलेला नाहीं. हा रोग पेल्यानें, ताटानें किंवा हात लावल्यानें पसरत नाहीं. रोगी खोकतो तेव्हां त्याच्या श्वासांतून जंतु हवेंत येतात, आणि कोंदट खोलींत ते तरंगत राहातात. कित्येक घरांतून क्षय झालेल्या सुनेला पडवींत वेगळें ताट मिळतें, आणि खोकणारा सासरा मात्र बंद खोलींत नातवंडांना घेऊन निजतो. यांतील पहिली गोष्ट निष्ठुर आहे आणि दुसरी धोक्याची.

जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चवथा हिस्सा एकट्या भारतांत आहे. म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, घरांत कोणाचाहि खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणीला व औषधांना पैसे पडत नाहींत, आणि २०१८ सालापासून पोषणासाठीं दरमहा कांहीं रक्कमहि रोग्याच्या खात्यावर जमा होते. गोळ्या सुरू झाल्या म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत मनुष्याला बरें वाटूं लागतें, भूक लागते, आणि तेथेंच पुष्कळ लोक औषध सोडतात; तसें केल्यास रोग पुन्हां उलटतो व पहिल्या औषधांना जुमानीत नाहीं. माझा सहावा महिना पुरा झाला आहे.

विद्यार्थ्यांस एकच सूचना आहे. पावसाळ्यांत तुम्ही वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतां. या वर्षीं उजवीकडच्या दोन खिडक्या उघड्या राहतील. त्या बाजूस बसणारांनीं आपलीं दप्तरें भिजूं नयेत म्हणून तीं थोडीं आंत ओढून घ्यावीं.